मोहाच्या झाडावरचा स्विच

११ मार्च २००७, रविवार
सुट्टी होती तरी कॉलेजात गेलो. शीला गेली, संसार एकट्याचा झाला, तेव्हापासून रविवार संपता संपत नाही. लॅबमधला भंगारात काढलेला एक पीसी पुसून चालू केला, त्यावर तो फुकटचा प्रोग्राम टाकला. तो दर मिनिटाला कॅम्पसमधल्या इमारतींना नेट वाटणाऱ्या प्रत्येक स्विचला हाक मारतो, ओ यायला किती उशीर झाला ते मोजतो आणि रेघ काढतो. एवढंच काम. नेट स्लो का, ते प्राचार्यांना हवंय. त्यांच्या मते दोष नागपूरच्या लाइनवाल्यांचा. "मला पुरावा द्या, मग बघतो त्यांच्याकडे."
डबा न्यायचं राहिलं. भूकही नव्हती.

१३ मार्च, मंगळवार
नागपूरची लाइन साफ. प्राचार्य जरा हिरमुसले. मुख्य इमारत साफ, लायब्ररी साफ. मुलींच्या वसतिगृहाची रेघ मात्र उजाडलं की चढते, तव्यावर भाकरी फुगावी तशी. उन्हं वर आली की बसते. मग दिवसभर काही नाही.
"मुली गाणी उतरवत असतील."
"पहाटे, सर?"
"मग अभ्यास करत असतील," म्हणाले आणि स्वतःच हसले.
शेवटच्या वर्षाच्या मुली तक्रार घेऊन आल्या होत्या. नोकरीचे अर्ज भरायला त्यांना सकाळचीच वेळ मिळते. त्यांचंही खरं आहे.

१५ मार्च, गुरुवार
वायरची टोकं बदलली, पोर्ट बदलला. रेघ तशीच. सकाळभर स्क्रीनसमोर बसून उशीर वाढताना पाहत होतो. नागपूरला डॉक्टर दर खेपेला शीलाच्या रिपोर्टवर बोट ठेवायचे, "हे बघा, क्रिएटिनिन. किडनीचा आकडा." मी बघायचो. आकडा वाढलेला असायचा. तो मला कळायचाही. पुढे काय करायचं, ते कळायचं नाही.

१७ मार्च, शनिवार
पहाटे उठून वायरीच्या बाजूने चालत गेलो. वसतिगृह लांब, एका वायरीत पुरत नाही, म्हणून ठेकेदाराने मधल्या मोहाच्या झाडावर पत्र्याच्या डब्यात एक छोटा स्विच टांगलाय. विसरलोच होतो. झाडाखाली धूर. सगुणाबाई बुंध्याशी पाला ओढून जाळत होत्या. डब्याला हात लावला तर चटका बसला. आतला स्विच बिचारा काय ओ देणार!
सगुणाबाई कंपाउंडपलीकडच्या आदिवासी वस्तीतल्या, टोलीवरच्या. शीलाच्या शेवटच्या महिन्यांत रोज येऊन तिच्या पायांना तेल चोळून द्यायच्या. त्यानंतर आज पहिल्यांदा समोर आलो.
"जोहार भाऊ. जेवता का नाई?"
"जेवतो."
"खोटं बोलून राह्यले. हाडं दिसून राह्यली मानंची."
मी डबा दाखवला. म्हटलं, बाई, इथं जाळू नका.
"मंग पाल्यात फूल दिसन कसं?"
"झाडून काढा."
"झाडतो ना. तुमची कंबर देता का चार दिवस?" आणि हसल्या. मलाही हसू आलं. किती दिवसांनी.
हे झाड त्यांच्या सासऱ्याचं. टोलीत प्रत्येक मोहाला एक घर ठरलेलं आहे. जमीन कोणाचीही असो, त्या झाडाखाली पहाटे गळलेली फुलं दुसरं घर वेचत नाही. कॉलेजने जमीन घेतली तेव्हा झाडाचं कोणी विचारलं नाही, कोणी सांगितलंही नाही. शीलाला हे सगळं ठाऊक होतं. ती मोहाच्या दिवसांत टोपली घेऊन बाईंच्या मदतीला जायची. मी तेव्हा झोपलेला असायचो.

२० मार्च, मंगळवार
प्राचार्यांना कारण सांगितलं. डब्यासाठी वेगळा खांब मागितला. त्यांनी रेघेची प्रिंट नीट पाहिली.
"उत्तम काम केलंत. पुराव्यासकट."
मला वाटलं खांब मिळाला. त्यांनी गेटवर फोन लावला. उद्यापासून बाहेरचं कोणी आत नाही.
"सर, खांब?"
"खरेदी समितीत ठेवू. जूनमध्ये."
"सर, ते झाड त्यांचं आहे."
"सातबाऱ्यावर?"
प्रिंट मीच दिली होती.

२१ मार्च, बुधवार
गेटवरच्या वासुदेवने बाईंना अडवलं. तो त्याच भागातला. दुपारी लॅबमध्ये येऊन उभा राहिला.
"सर, बाई मले म्हणते, वासुदेवा, तुह्या बापानं माह्याच झाडाची दारू पेली, आन् तू मले अडवून राह्यला? मी काय बोलू आता?"
"काही बोललास का?"
"मान खाली घातली. नोकरी आहे ना."
वसतिगृहाची रेघ सरळ. मुलींनी येऊन थँक्यू म्हटलं. प्राचार्यांनी प्रिंट नोटीस बोर्डावर लावायला सांगितली. लावली.

२४ मार्च, शनिवार
डबा आपणच हलवावा म्हणून एक बांबू रोवला. वसतिगृहाकडे सरकवला तर इकडची वायर पुरत नाही, इकडे आणला तर तिकडची. झाड बरोबर मध्यावर आहे, म्हणून तर ठेकेदाराने ते निवडलं. खाली फुलांचा सडा. वानरं खात बसली होती. मला पाहूनही हलली नाहीत.

२८ मार्च, बुधवार
तीन-चार दिवस पहाटे जाऊन झाडाखालचा पाला मीच झाडून काढला. जमीन स्वच्छ, फूल स्पष्ट दिसतं, जाळायची गरज नाही. प्राचार्यांना म्हटलं, रोज झाडून देतो, बाईंना फक्त आत येऊ द्या.
"तुम्ही सिस्टिम ॲडमिन आहात की झाडूवाले?"
मग त्यांचा आवाज मऊ झाला. "तुमची मनःस्थिती समजते मला. काही दिवस रजा घ्या."
रागावले असते तर बरं झालं असतं. शीलाचं नाव न घेता त्यांनी सगळं तिच्यावर टाकलं आणि मी "बरं सर" म्हणालो.

१ एप्रिल, रविवार
घरात शीलाची टोपली शोधली. माळ्यावर होती. पहाटे झाडाखाली बसून फुलं वेचली. सोपं नाही, पाठ भरून येते. टोपली भरून टोलीवर नेली. बाई अंगण सारवत होत्या.
"कुठचे होत?"
"तुमच्याच झाडाची."
हात धुऊन त्या टोपलीपाशी बसल्या.
"माह्याच झाडाचे मले वाटून राह्यले का भाऊ?"
मी म्हटलं, वाया चालली होती.
"शीलाबाई असती त आणून नसते देले तिनं. माह्या हाताले धरून घेऊन गेली असती."
फूल टाकायचं नसतं म्हणून त्यांनी ते उन्हात पसरलं. मला काळा चहा दिला. निघताना टोपली मागायचं धाडस झालं नाही.
घरी येऊन फोटोपुढे बसलो. बुद्धांच्या तसबिरीशेजारीच तिचा फोटो ठेवलाय. बाई म्हणतात ते खरं आहे. ती घेऊन गेली असती. प्राचार्यांना काय सांगायचं ते नंतर पाहिलं असतं.

४ एप्रिल, बुधवार
बाई आता रोज पहाटे गेटबाहेर रस्त्याच्या कडेला येऊन बसतात. बोलत नाहीत, भांडत नाहीत. झाडाकडे बघतात, ऊन तापलं की जातात. प्राचार्यांनी वासुदेवला झापलं. तो म्हणाला, "रस्ता सरकारचा आहे सर, तिथून कसा उठवू?"
लॅबच्या खिडकीतून बाई दिसतात. समोर स्क्रीन. रेघ इतकी सरळ की मशीन बंद पडलंय असं वाटावं.

७ एप्रिल, शनिवार
फूल कमी झालंय. आठवडाभर राहील की नाही, सांगता येत नाही.
सकाळी गेटबाहेर जाऊन बाईंच्या शेजारी बसलो. शीलाची टोपली त्यांच्या मांडीवर होती, रिकामी. म्हटलं, "उद्या पहाटे मी येतो. तुम्ही माझ्यासोबत आत चला."
"आन् साहेब?"
"पाहू."
"तुमच्याच्यानं होते का भाऊ ते?"
माहीत नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली. ती होय होती की नाही, समजलं नाही.
उद्या गेटवर वासुदेवची पाळी आहे. त्याला सांगितलं.
"सर, मी सोडतो. पण वहीत लिवून द्या, मले धरतीन. कोनाकडे, नातं काय."
वही पुढे केली. उद्याची तारीख टाकली, बाईंचं नाव लिहिलं. कोणाकडे, माझ्याकडे. नात्याच्या रकान्यात पेन अडलं. मग लिहिलं, घरच्या. वासुदेवने वाचलं आणि वही मिटली.
झाडून मीच देणार आहे. तरी बाईंनी आपल्या सवयीने पाला पेटवला तर रेघ चढेल आणि सोमवारी प्राचार्यांना दिसेल. प्रोग्राम एक दिवस बंद ठेवता येतो. निघताना माउसवर हात ठेवून उभा होतो. नाही केला बंद.
खराटा सायकलला बांधून ठेवलाय. बाई येतील की नाही, ते पहाटेच कळेल.