हिरवा दिवा पेटत नाही त्याची हकिकत

तीर्थस्वरूप वन्संच्या चरणी जानकीचा शिरसाष्टांग नमस्कार.

देवगडात सगळे खुशाल असतील. तुमचे गुडघे जिना चढताना कुरकुरत नाहीत ना? इकडे आम्ही दोघं बरी आहोत (म्हणजे कालपासून, त्याआधीचं पुढे लिहिते). फोनच केला असता, पण रेंज फक्त अंगणातल्या फणसाखाली मिळते आणि तिथे तुमचे बंधुराज खाट टाकून पडलेत. शिवाय माझं चित्त थाऱ्यावर नाही. एवढ्या ओळी लिहीपर्यंत दोनदा उठून दिवा बघून आले.

कुठला दिवा, ते सांगते. कुडाळला बचत गटातर्फे एलईडीचे दिवे बनवायचं शिबिर झालं, त्याला मी गेले. घरी येऊन पहिला दिवा केला तो रेझिस्टर न लावताच बॅटरीला जोडला. (रेझिस्टर म्हणजे करंटला आवर घालणारा इवलासा तुकडा. तो नसला की एलईडी अधाशासारखा करंट ओढतो आणि मरतो.) चटकन उजेड पडला, चटकन गेला, वर जळका वास. काजू घ्यायला व्यापारी आले होते, त्यांच्यादेखत हे म्हणाले, "हिच्या हातात पळी बरी, पक्कड नको." चारचौघांत! मी म्हटलं, "मगे मांगरात जावन र्‍हवा." वन्सं, ती आपली बोलायची पद्धत. पण हे खरोखरच वळकटी उचलून बागेतल्या त्या खोपटात राहायला गेले.

बोलणं बंद, पण माणूस उपाशी कसा ठेवणार? मी अंगणाच्या दगडी गडग्यावर बांबू उभा केला आणि त्यावर, बागेकडे तोंड करून, दोन एलईडी बसवले; घरातून त्यांची नुसती पाठ दिसते. लाल कायम लागलेला, म्हणजे माझा राग आहे. त्याच्या जोडीला हिरवा लागला, की राग असला तरी जेवायला या. शेजारच्या अपेक्षाकरवी हा कायदा मांगरात कळवला. मेजावर दोन्ही एकेक करून लावून पाहिले होते. झकास पेटले होते.

तिन्हीसांजेला बांगडे तळले, हिरव्याचं बटण दाबलं, पानं मांडली. हे आले नाहीत. दुसऱ्या दिवशी ताज्या शिंपल्या मिळाल्या, तिसऱ्यांचं सुकं केलं (ह्यांच्या जिवाचं). तरी नाहीत. मी चूल ते ओटी फेऱ्या घालतेय, बॅटरी बदलतेय, तारांचे जोड पुन्हापुन्हा हलवून बघतेय आणि मनात म्हणतेय, काय हा ताठा! शेवटी राहवेना. दिवा तसाच चालू ठेवला आणि डबा घेऊन निघाले.

हे पायरीवर कोरडे पोहे चावत बसले होते.

"लाल लावन हंय कशाक इलंस?"

"आणि हिरवो? तो दिसना नाय?"

"खंय आसा हिरवो?"

मागे वळून बघते तर बांबूवर लाल एकटाच!

डबा ह्यांच्या हातात द्यायचा विसरून मी तिथेच विचार करत बसले, आणि उमगलं. रेझिस्टर वाचवायला मी दोघांत मिळून एकच लावला होता. लाल दोनेक व्होल्टवर पेटतो, हिरव्याला तीनेक लागतात. शेजारी शेजारी जोडले की लाल दोनावरच सगळा करंट गिळतो, हिरव्यापर्यंत जोर पोचतच नाही. एकेकटे लावले तेव्हा पेटले, ते त्यामुळेच. धावत घरी आले, दोघांना वेगवेगळा रेझिस्टर लावला. बांबू ह्यांनी धरला. हिरवा लागला. मग जेवलो, आणि वळकटी घरी आली.

भावोजींना नमस्कार, नातवंडांना पापे.

तुमची,
जानकी

ता. क. खरं काम राहिलंच. मांगर आता रिकामा आहे. दिवे बनवायला मला तो हवाय. मी मागितला तर हे म्हणतील, त्यासाठीच मला घरी आणलंस. तुम्ही थोरल्या, तुमचा शब्द हे मोडत नाहीत. आपलं म्हणून सुचवा, माझं नाव नको.

ता. क. २. डिंक ह्यांच्याकडे आहे, म्हणून पाकीट उघडंच ह्यांच्याकडे टपालात टाकायला देतेय. चिंता नको, हे दुसऱ्याची पत्रं वाचत नाहीत.

ताये, महादू लिहितंय. वाचलंय. वारो घराकडसून बागेत येता. बांगड्यांचो वास पयल्याच सांजेक इलो. जेवण तयार आसा आणि दिवो चुकलो हां, दोनय माका कळलां. पण तसां म्हटलां असतां तर मी परत हसलंय असां तिका वाटलां असतां आणि ती सगळां अडगळीत टाकून बसली असती. म्हणान पोहे खाल्लंय. मांगर तिचोच. पण तू जरा रागावन सांग. मी आपणहून दिलंय तर तिका संशय येतलो.