पिंजाऱ्याच्या घरात लपवलेली पोरं

बाई,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर चिडणं शोभत नाही. पण परवा नगरला जाऊन आले आणि तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. शिक्षणाचं नवं धोरण करायचं म्हणून जुन्या बालवाडीवाल्या बायकांना बोलावलं होतं. भिंतीवर भलामोठा तक्ता, त्यात अंगणवाडी एका रकान्यात, शाळा दुसऱ्या, प्रौढ शिक्षण तिसऱ्या. साहेब माझ्या नातवाच्या वयाचा, स्वभावानं गरीब. म्हणाला, "आजी, तुमची काही सूचना?" मी म्हटलं, "हे तिन्ही एका आवारात आणा आणि एकाच वेळेला भरवा." तो हसून म्हणाला, "आजी, ही तीन वेगळी खाती आहेत." तेवढ्यात चहा आला आणि विषय संपला. मला त्याचा राग आला नाही, तुमचा आला.

कारण तुमच्या शाळेत हे सगळं एकत्रच होतं. तिसगावच्या बाजाराच्या वाटेवरचं आमचं गाव, मुलींची शाळा म्हणजे एक खोली आणि पुढे ओसरी. इंग्रज-जर्मनांची लढाई चालू होती, रॉकेल मिळत नव्हतं, आणि मुली शाळेत येत नाहीत म्हणून तुमच्याआधीच्या दोन बाई कंटाळून बदली करून गेलेल्या. मुली येणार कशा? आया खुरपायला गेल्या की प्रत्येकीच्या कडेवर एक भावंड. माझ्या कडेवर धाकटा भाऊ होता, अंगानं चांगलाच जड. लहान पोर वर्गात आणायचं नाही असा नियम. तुम्ही दारोदार फिरून सांगितलंत, पोराला घेऊनच या. शेजारी पिंजाऱ्याचं घर होतं. त्या घरातल्या चाचीला तुम्ही पोरं सांभाळायला गळ घातलीत आणि बदल्यात तिच्या सुनेला वाचायला शिकवलंत. शेतात काम नसेल त्या दिवसांत दुपारी आमच्या आयाही यायच्या. प्रौढांचा वर्ग दिवेलागणीनंतर घ्यावा असा हुकूम होता, आणि दिवेलागणीला बाई चुलीपुढे असते हे हुकूम काढणाऱ्याला कोण सांगणार? तुम्ही वर्ग दुपारीच घेतलात. माझ्या आईनं पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिलं तेव्हा ती पाटी पुसायला तयार होईना. ती तशीच घरी नेऊन तिनं कोनाड्यात ठेवली, आणि पाटी माझी असल्यामुळे पुढचे काही दिवस मी जमिनीवर लिहिलं.

आणि मग तो तपासणीचा दिवस. शाळा तपासणारे दिपोटी साहेब येणार म्हटलं की गावाला आधी वर्दी असायची. तुम्ही अंगण सारवून घेतलंत, आमच्या वेण्या स्वतः घातल्यात आणि म्हणालात, "तान्ही पोरं आज आत, कापसाच्या खोलीत. एकही बाहेर दिसता कामा नये." चाची कुरकुरली, "बाई, रुईमंदी पोरं शिंकत्यात ना." तरी तिनं सगळी आत घेऊन दार ओढून घेतलं. दिपोटी आले, गणितं विचारली, कविता ऐकली, खूश झाले. निघताना त्यांनी विचारलं, "आसपासच्या गावात मुली शाळेत टिकत नाहीत. तुम्ही कसं जमवता बाई?" मी पहिल्या रांगेत बसले होते. मला वाटलं, आता तुम्ही सांगणार. तुम्ही पदर सारखा केलात आणि म्हणालात, "मुली हुशार आहेत साहेब." तिकडे पोरं शिंकतच होती. दिपोटींनी विचारलं, "पलीकडे कोणी आजारी आहे का?" तुम्ही म्हणालात, पिंजाऱ्याचं घर आहे, कापूस नाकात जातो. ते टांग्यात बसून गेले आणि उत्तम शेरा मिळाला.

दुपारी माझ्या आईनं तुम्हाला विचारलं होतं, आठवतं? ती एरवी तुमच्यापुढे तोंड उघडायची नाही. "बाई, खरं का न्हाई सांगितलं? त्यो मानूस बरा हुता की." तुम्ही पोरांच्या केसांतला कापूस वेचत होतात. म्हणालात, "सांगितलं तर विचारतील, कोणत्या नियमात बसतं? बसत नाही म्हटलं की बंद. आपलं चाललंय ना, चालू द्या." आई म्हणाली, "आपलं चाललंय. दुसऱ्या गावच्या पोरींचं काय?" तुम्ही पुढच्या पोराचं डोकं जवळ ओढून कापूस वेचायला लागलात. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण झाकल्या मुठीतलं कुणाला वाटता येत नाही, एवढं माझ्या अडाणी आईला कळलं ते तुम्हाला का कळू नये? मला याचा आजही संताप येतो.

पुढच्याच उन्हाळ्यात तुम्ही विषमज्वरानं गेलात. गाव रडलं, चाचीनं तर चार दिवस कापूस पिंजायच्या धनुकलीला हात लावला नाही. मग मास्तर आले. माणूस वाईट नव्हता. शाळा नीट चाललेली आहे, कसली अडचण नाही, असंच वरून त्यांना सांगितलेलं. अडचण तुम्ही दिसूच दिली नव्हती ना. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, लहान मुलं आवारात चालणार नाहीत, माझी नोकरी जाईल. थोड्या दिवसांनी शिक्षण सक्तीचं झालं आणि पोरगी शाळेत का नाही म्हणून वडिलांना नोटीस आली. वडील ती घेऊन मास्तरांकडे गेले. "सरकार म्हनतं पोरगी धाडा, तुमी म्हनता पोर आनू नका. मग पोर काय झाडाला बांधू?" मास्तर म्हणाले, "मी काय करणार? दोन्ही नियमच आहेत." माझी तिसरी तिथेच संपली.

पुन्हा पाटी धरली ती लग्नानंतर, साक्षरतेच्या वर्गात, मांडीवर लेक घेऊन. तिथल्या बाई म्हणाल्या, मूल घरी ठेवून येत जा. मी उठून जाणार होते, पण सासूबाई म्हणाल्या, "आन हिकडं, मी बघते." म्हणून सातवी झाले, म्हणून बालवाडी मिळाली. बघा, सगळं असं कुणाच्या तरी सासूवर, कुणाच्या तरी चाचीवर चाललंय. चांगली बाई भेटली तर शिकायचं, ती मेली की ये रे माझ्या मागल्या. आयुष्यभर मी वर कळवत राहिले, तान्ह्यांची सोय शाळेशेजारी करा. उत्तर यायचं, योग्य त्या खात्याकडे पाठवले आहे. तुम्ही तेव्हा तोंड उघडलं असतं तर कदाचित तुमचीही शाळा बंद पडली असती. हे मला कळतं. कळूनही राग जात नाही.

हे पत्र कुठं धाडायचं नाही, तेव्हा एक सांगून टाकते. तुम्ही सगळ्यांना सांगायचात, या मुलीला शिक्षणाची फार ओढ आहे, उन्हातान्हात पोर घेऊन येते. परवा त्या साहेबांनीही तसंच काही विचारलं आणि मी मान डोलावली. तसं नव्हतं, बाई. मला अक्षरांचं काही नव्हतं. दिवसभरात भावाला कडेवरून खाली ठेवता येईल अशी एकच जागा होती, म्हणून मी येत होते.