देवदूताचे सतरा मिलीमीटर

वेन्देरोडे,
सुगीच्या आभारप्रार्थनेनंतरचा शुक्रवार

प्रिय फोल्कमार,

ज्याने सागराला त्याची हद्द आखून दिली, डोंगर तोलून जागच्या जागी बसवले, आणि तरीही माणसाच्या अंतःकरणाला कधी पट्टी लावली नाही, त्या प्रभूची कृपा आणि शांती तुझ्या घरावर असो. ही कृपा आधी मागून घेतो, कारण विषय चर्चच्या ऑर्गनचा आहे आणि तो शब्द वाचताच तू पत्र टेबलावर आपटणार. आपटू नकोस. तुझी धर्मकन्या फ्राउके हिने मास्टर सुताराच्या परीक्षेसाठी बांधलेले ऑर्गनचे कपाट पाहायला परीक्षक येत्या गुरुवारी येत आहे, आणि कपाटाच्या माथ्यावरचा देवदूत अजून पाळकबाईंच्या खोलीत घोंगडीत गुंडाळून पडला आहे. आपल्या दोन गावांमध्ये बीटची शेते ती काय तीन किलोमीटरची. चालत येऊन बोलता आले असते. परंतु मापनसंस्थेच्या एकाच खोलीत चाळीस वर्षे काढल्यामुळे मला ठाऊक आहे की तू समोरच्याचे वाक्य अर्ध्यावर दुरुस्त करतोस. कागदाचे तसे करता येत नाही.

ती खोली मला हल्ली फार आठवते. बरोबर वीस अंशांची ती लांबी मोजण्याची खोली. आपल्या अंगाची ऊब पोलादाला लागू नये म्हणून आत शिरल्यावर अर्धा तास दूर गप्प बसायचे. तू तो अर्धा तास आकडेमोडीत घालवायचास आणि मी प्रार्थनेत, आणि वरिष्ठांना दोघेही झोपलेले वाटायचो. नव्या उमेदवारांना तू सांगत असस की खरे माप देवाला ठाऊक. आपल्या वाट्याला त्याचा अंदाज येतो, आणि त्या अंदाजावर किती विसंबावे याची प्रामाणिक कबुली. जो आकडा सांगतो पण अनिश्चितता सांगत नाही, तो खोटी साक्ष देतो. मी मागून ‘आमेन’ म्हणत असे आणि मुले हसत. फ्राउकेच्या बाप्तिस्म्याला तू पाळण्यातच तिची लांबी घेतलीस आणि ‘बाळ लाथा मारत होते, म्हणून अधिक-उणे नऊ मिलीमीटर’ अशी नोंद मंडळीच्या पुस्तकात करवलीस. तिची आई अजून तुला त्यावरून बोलते. मला त्या नोंदीत श्रद्धा दिसते. आपले अज्ञान किती आहे हे सहीनिशी सांगणाऱ्या माणसाइतका नम्र माणूस मी उपासनेतही क्वचित पाहिला आहे.

म्हणूनच वसंतात मंडळीच्या वडीलधाऱ्यांची ती सभा भरली तेव्हा मी अभिमानाने तुझ्या शेजारी बसलो होतो. वरच्या सज्ज्यापासून छताच्या कमानीपर्यंतची उंची हवी होती, एवढेच. तू उभा राहून म्हणालास, “उंची मिळणार नाही. उंचीचा सर्वोत्तम अंदाज मिळेल, पंचाण्णव टक्के विश्वासाने.” डुकरे पाळणारा एग्बर्ट टोपी चुरगाळत म्हणाला, “ते ठीक आहे हो साहेब, पण ऑर्गन मावेल का नाही?” तू म्हणालास, “पंचाण्णव टक्के.” “आणि उरलेल्या पाचात काय, छप्पर काढायचं?” पाळकबाई हेन्रिएटे खोकल्याच्या निमित्ताने बाहेर गेल्या, त्या बराच वेळ आल्याच नाहीत.

शेवटी संस्थेच्या रीतीनेच ठरले. दोघांनी वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या साधनांनी मोजायचे. एकाने दुसऱ्याचा आकडा पाहायचा नाही. आपापले पाकीट बंद करून पाळकबाईंकडे द्यायचे, आणि ते सभेतच फुटायचे. एग्बर्ट म्हणाला, “दोघं म्हातारे एकमेकांवर पहारा ठेवणार म्हणजे!” त्याला या शास्त्राचा गाभा आपल्या शिष्यांपेक्षा लवकर कळला. दोन साक्षीदारांच्या मुखाने गोष्ट शाबीत होते, हे धर्मशास्त्र आहे. परंतु साक्षीदार दोन हवेत, एक साक्षीदार आणि त्याचा प्रतिध्वनी नव्हे.

पाकिटे फुटली. तुझे सहा मीटर दोनशे चौदा मिलीमीटर, अधिक-उणे दोन. माझे सहा मीटर दोनशे नऊ, अधिक-उणे सहा. काय टाळ्या पडल्या! तू माझ्या पाठीवर थाप मारून म्हणालास, “अरे आन्सगार, लाकडी घडीच्या पट्टीने? अजून हात शाबूत आहे की तुझा!” त्या संध्याकाळी तुझ्या गेर्लिंडेने प्लमचा केक वाढला, तू तो नेहमीप्रमाणे मोजून कापलास, आणि मी माझा तुकडा रुमालात गुंडाळून खिशात घातला. तुला वाटले पित्त असेल.

पुढचे तुझ्या डोळ्यांसमोर घडले. फ्राउकेने आपल्या दोघांच्या आकड्यांवर भरवसा ठेवून, वर बेताची फट सोडून, ओकचे कपाट बांधले, त्यावर लिंडेनच्या लाकडात कोरलेला कर्णा फुंकणारा देवदूत. ऑगस्टमध्ये चौघांनी तो वर चढवला आणि देवदूताचा कर्णा छताला टेकला. सतरा मिलीमीटर जास्त. न्यायाच्या दिवसाची घोषणा करायला निघालेला दूत चुन्यात तोंड खुपसून उभा! फ्राउके शिडीवरून ओरडली, “माझं कपाट बरोबर आहे! छतच खाली आहे!” खालून एग्बर्ट म्हणाला, “छत बाराव्या शतकापासून तिथंच आहे गं पोरी.” मग सभेत जो तो आपापल्या बुद्धीने बोलू लागला. कोणी म्हणाले, बर्फाच्या भाराने कमान खचली असेल. कोणी म्हणाले, देवदूताला गुडघ्यावर बसवा, नाहीतरी आजकाल कोण उभे राहते. फ्राउके हात जोडून म्हणाली, “माझी पट्टी घ्या, पुन्हा एकदा मोजा ना!” आणि तू, फोल्कमार, तू तिच्याकडे न पाहता म्हणालास, “दोन माणसांनी स्वतंत्रपणे मोजलं आहे आणि जुळलं आहे. तिसऱ्या मोजणीची गरज नाही. चूक कपाटात शोध.” तिने सांगितलेली कपाटाची उंची कोणी मानली नाही. ती माझ्याकडे वळली. “विटकॉपकाका, तुम्ही तरी बोला!” मी स्तोत्रांच्या क्रमांकांची पाटी सरळ करत बसलो. ती आधीच सरळ होती.

आता ते, जे मी पाच महिने देवाला सांगत आलो आहे आणि तुला नाही. तू तुझा आकडा मंडळीच्या कचेरीतल्या वहीवर लिहिलास, पान फाडलेस, पाकिटात घातलेस. दोन दिवसांनी मी त्याच वहीचे पुढचे पान घेतले. मित्रा, तू पेन्सिल अशी दाबतोस जणू दगडावर आज्ञा कोरतो आहेस. खिडकीतून तिरपे ऊन आले आणि तुझा आकडा माझ्या कोऱ्या पानावर उमटलेला दिसला. इथवर माझा दोष नाही. त्यानंतर मी पान उजेडाकडे आणखी तिरपे केले. तिथून सगळा दोष माझा.

माझ्या खिशात माझा आकडा होता, सात वेळा घेतलेला, आणि तो तुझ्याशी जुळत नव्हता. जवळपासही नव्हता. मी स्वतःला सांगितले की आन्सगार, ऐंशीच्या साली पोलादी मापठोकळे ताडून पाहताना तू चुकला होतास आणि फोल्कमार बरोबर होता. आता तर तुझे डोळेही म्हातारे झाले, पट्टीच्या सांध्यात ढिलाई असेल, ओळंबा हलला असेल. एकेक शंका काढून मी माझे माप ताणत नेले, आणि ती प्रत्येक शंका तुझ्या आकड्याच्या दिशेलाच जात होती, हे मला दिसले तरी दिसले नाही. शेवटी अगदी तुझाच आकडा लिहायची लाज वाटली म्हणून पाच मिलीमीटर कमी लिहिले, आणि विनयाचा देखावा म्हणून अनिश्चितता तिप्पट. खोटे बोलतानासुद्धा मी तिचा हिशोब नियमाप्रमाणे केला, पंचाण्णव टक्क्यांसाठी लागणाऱ्या दोनाच्या गुणकासकट. सैतान आपल्या व्यवसायात असता तर त्याचे प्रमाणपत्र असेच निर्दोष निघाले असते.

मागच्या आठवड्यात पडद्याच्या दांडीचे निमित्त सांगून मी गेर्लिंडेकडून तू मोजणी केलीस ते लेझरचे यंत्र मागून नेले. ती म्हणाली, “त्यांना सांगू नका, ते त्याला माझ्यापेक्षा जपतात.” मी सज्ज्यावर जाऊन आधी माझ्या पट्टीने मोजले, मग तुझ्या यंत्राने. यंत्राने तुझाच आकडा दाखवला, मिलीमीटरसुद्धा इकडेतिकडे नाही. मग चष्मा पुसून मी यंत्राच्या पडद्याच्या कोपऱ्यातले ते तांदळाएवढे चित्र पाहिले. यंत्राच्या बुडाशी कोपऱ्यांत खुपसायचे एक घडीचे शेपूट असते ना? ते उघडले की यंत्राला तसे सांगावे लागते, मिटले की पुन्हा सांगावे लागते. तुझ्या यंत्राची समजूत अजून अशी आहे की शेपूट उघडे आहे. मिटलेल्या शेपटाची ती लांबी ते इमानाने दर मोजणीत मिळवत होते. पंचवीस वेळा मोजलेस, पंचवीस वेळा तेच आले, आणि तू अधिक-उणे दोन लिहिलेस. एकच चूक पंचवीस वेळा न चुकता करणे याला आपण दोघेही पूर्वी अचूकता म्हणत नव्हतो.

माझा पहिला, न ताणलेला आकडा या पत्रात मुद्दाम लिहिलेला नाही. तू तो वजाबाकीने काढू पाहशील. कृपा करून काढू नकोस. मला पाहून तू ताणलेस तर आपण जिथे होतो तिथेच.

आणि हे पत्र का लिहिले ते सांगतो. आज सकाळी मी परीक्षकाला माझे निवेदन टपालाने पाठवले. त्यात एवढेच आहे की मी दुसऱ्याचा आकडा पाहिला, माझा बदलला, म्हणून माझे माप माप नव्हे, ते रद्द समजावे. आणि फ्राउकेने विचारले तेव्हा मी गप्प राहिलो. तुझ्या आकड्याविषयी किंवा तुझ्या यंत्राविषयी मी त्यात एक अक्षर लिहिलेले नाही. त्यामुळे आता तिच्या विरुद्ध एकच साक्ष उरली आहे, आणि ती तुझी. चर्चची किल्ली सोमवारपासून बुधवारपर्यंत पाळकबाईंकडे आहे. सज्ज्यावर तुला कोणी अडवणार नाही, आणि मी आसपासही असणार नाही. बुधवारच्या संध्याकाळपर्यंत तू आला नाहीस तर गुरुवारी परीक्षकासमोर मला मोजावे लागेल आणि मोठ्याने सांगावे लागेल. माझी चूक मी सांगितली. तुझी तुझ्या तोंडून निघावी, एवढीच माझी विनवणी आहे. ज्या पोरीची लांबी तू लाथांसकट नोंदवलीस, तिला “माझ्या मोजण्यात चूक होती” हे वाक्य तुझ्याकडून ऐकण्याचा हक्क आहे, आणि ते तुला जमेल याविषयी मी कसलेही अधिक-उणे लिहीत नाही.

देव तुला धीर देवो. तुझ्या आधी हे पाकीट वाफेवर उघडून वाचणाऱ्या गेर्लिंडेला क्षमा आणि दीर्घायुष्य देवो. फ्राउकेच्या हातांना यश देवो. आणि पुढेमागे हा कागद ज्यांच्या हाती पडेल त्या साऱ्यांना आपली चूक दुसऱ्याच्या आधी दिसो, आणि ती दिसेल तेव्हा शेजारी एक मित्र असो.

तुझाच,
आन्सगार