पियानोतली बिही

अपातिन,
१४ ऑक्टोबर २०१२

प्रिय ल्युबिंकास,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, द्राक्षं बरी आली.

झोर्काआत्या सांगत होती, तुझी मिलित्सा पियानो शिकते, पण सरावाला घरी वाद्य नाही. म्हणून हे पत्र. आईचा पियानो मी विकला नव्हता.

आई गेली तेव्हा तुला 'विकला' असं कळवलं ते रागात. आई आजारी असताना तू नोव्ही सादला निघून गेलीस, हे मला सोसलं नाही. तू पत्रं लिहिणं बंद केलंस, आणि मी खोटं बोललो हे कबूल करायला मला अकरा वर्षं लागली.

आपल्याकडे कपाटावर बिहीची फळं ठेवतात ना, खोलीला वास यावा म्हणून? त्या शरदात मी ती पियानोच्या आत ठेवली. वाटलं, कधीतरी तू झाकण उघडशील तेव्हा आईच्या खोलीचा वास येईल. कुलूप लावलं आणि पुन्हा तिकडे फिरकलो नाही.

गेल्या महिन्यात उघडला, तर वासाने मीच मागे सरलो. सूर लावणारे इम्रेकाका आले, आत वाकून पाहिलं आणि म्हणाले, "अरे गाढवा, उंदरांची खाणावळ काढली होतीस होय?"

घाण आधी ओली करून पुसून काढली. सुट्या फळ्या व्हिनेगरच्या पिळलेल्या फडक्याने पुसून आठवडाभर वाऱ्यावर ठेवल्या. पट्ट्यांखालचा कुरतडलेला लोकरीचा नमदा काकांनी बदलला. तरी खालच्या फळीत वास मुरलेलाच होता. काका म्हणाले, घासून काढू आणि लाखेचं पॉलिश देऊ, म्हणजे उरलेला वास आतच कोंडला जाईल.

मी फळी उलटली, तर मागे तुझं पेन्सिलीतलं अक्षर, 'राद्या गाढव आहे.' तू सात वर्षांची असशील. मला रडू आलं, ते लपवत नाही.

घासू दिलं नाही. अक्षरावरूनच लाखेचे तीन हात दिले. आता वास येत नाही, अक्षर मात्र स्वच्छ वाचता येतं.

पियानो मिलित्साचा. टेम्पोने पाठवता येईल, पण न्यायला तू ये. कपाटावर यंदाची बिही मांडली आहे, या वेळी कपाटावरच.

फळीवर लिहिलंय तोच,
तुझा राद्या