चव कळते, हवीशी वाटत नाही

६ जानेवारी
चि. धाकट्या,
अनेक आशीर्वाद. वि. वि., तुझ्या प्रयोगशाळेतल्या कुप्या पोचल्या, माझ्या आणि वन्संच्याही. रोज सकाळी नाकात एक फवारा, आणि कोणाच्या कुपीत औषध, कोणाच्या नुसतं पाणी, हे तुलाही ठाऊक नाही म्हणतोस. सोळा वर्षं बिस्किटांच्या कारखान्यात चवी बघून माझं जे आकारमान झालंय, त्यावर हा उपाय. बहिणीला लठ्ठ म्हणायची ही शास्त्रीय रीत आवडली बरं. कोणाचं वजन जास्त उतरतं, यावर वन्संनी आतापासूनच माझ्याशी पैज लावलीय. पाच वर्षांची तुझी भाची कुपीतलं अत्तर मलाही द्या म्हणून मागे लागलीय.
तुझी ताई

११ मार्च
ती. ताईस,
सा. न. वि. वि. अकरा वाजता उपाशीपोटी चव बघायचा तुमचा नियम, आणि तुला भूकच लागत नाही, हे तू गमतीत लिहिलंस. मला हसू आलं नाही. पोट भरल्याचा निरोप देणारं संप्रेरक वाढवलं, की आमच्या उंदरांची जीभ गोड ओळखते, पण मेंदूतल्या चवीच्या पेशी तो निरोप पुढे देताना मंदावतात. उंदीर साखरपाण्याशेजारी नुसता बसून राहतो. औषध थांबवलं की दहा दिवसांत चाटायला लागतो. तू आजच फवारा बंद कर. मीच तुला यात ओढलं, झोप लागत नाही.
तुझा धाकटा

२ मे
चि. धाकट्या,
अ. आ. फवारा तेव्हाच बंद केला. दहाचे पन्नास दिवस झाले. साखर किती, लोणी ताजं की शिळं, जीभ अजून अचूक सांगते. पण तक्त्यातल्या ‘आवडलं का’ या रकान्यापाशी हात थांबतो. साहेबांनी महिनाअखेरची मुदत दिलीय. तो रकाना भरता आला नाही तर नोकरी जाणार. त्याचंही वाईट वाटत नाही. घरची सगळी जेवायला बसतात, मी दारात उभी राहून त्यांची तोंडं हलताना बघते. ही माझी माणसं आहेत, एवढं कळतं.
तुझी ताई

९ मे
ती. ताईस,
सा. न. वि. वि. आज यादी उघडली. तुझ्या कुप्यांत नुसतं मिठाचं पाणी होतं. औषध तुझ्या नणंदबाईंना होतं, आणि त्यांचं वजन तर चार किलोने वाढलंय. म्हणजे तुला झालाय तो कामाचा शीण, दुसरं काही नाही. दोन महिन्यांनी आज मी पोटभर जेवलो. शनिवारी येतो.
तुझा धाकटा

१४ मे
चि. धाकट्या,
अ. आ. समोर आलेली वस्तू चाखल्याशिवाय मला राहवत नाही, हे तू विसरलास. कुप्या आल्या त्याच दिवशी दोन्हींतला थेंब थेंब जिभेवर घेतला होता. माझी खारट, वन्संची कडू. औषध कुठलं ते माझ्यासारखीला कळणार नाही तर कोणाला? वन्सं आंघोळीला गेल्या, तेवढ्यात मी कुप्यांची अदलाबदल केली. पैज जिंकायची होती. हाताने पायावर धोंडा पाडून घेतला, तुझा काही दोष नाही.
छोटीसमोर मात्र मी जेवायला बसते. घास चावते आणि तिची नजर चुकवून रुमालात टाकते. काल तिच्याही मांडीवर रुमाल दिसला, ओला. मी काही बोलायच्या आत तिनेच मला विचारलं, की गिळायचं कशासाठी असतं.
तू शनिवारची वाट बघू नकोस, पत्र मिळताच ये. लोभ काय असतो ते मला अजून कळतं, पण तो आता छोटीवर तुलाच आपल्या दोघांपुरता करावा लागेल.
तुझी ताई