विहिरीजवळचे लिंडन

मी, स्काइस्ते गुदेलीते, वय चोवीस, नोर्बेर्तास गुदेलिस यांची थोरली मुलगी, कोणाच्याही दबावाखाली नसताना, पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवते. संध्याकाळच्या बसने मी पुन्हा विल्नियसला, दूरदर्शनच्या मनोऱ्याच्या राखणीला जात आहे. समोर परक्या फौजेचे रणगाडे आहेत. आमच्यापाशी गाणी आहेत.

१. घर व मधाच्या पेट्या बाबांच्याच आहेत. माझी पुस्तके आणि या घरातले पहिले पदवीपत्र धाकट्या युर्गाला द्यावे. ते भिंतीवर टांगू नये. तिथे तिने स्वतःचे टांगावे.

२. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे शेजारचे साल्वियुसकाका आज सकाळी म्हणाले, "काय पदवीधरबाई, रणगाड्यापुढे गाणार? त्याला कान असतात होय?" मी म्हटले, "आत बसलेल्याला असतात, काका." त्यांना मी काही ठेवत नाही, साक्षीदाराला ठेवता येत नाही, असे वाचले आहे. एवढेच मागते की माझ्या दफनात त्यांनी रडके काही वाजवू नये.

३. आजीचे कांक्लेस, मांडीवरचे ते तारांचे वाद्य, युर्गाचे. घरात माणूस गेले की मूठमातीआधी लिंडनचे एक झाड पाडायचे, ही आमची रीत. त्या लाकडाच्या कांक्लेसमध्ये गेलेल्याचा आवाज राहतो. हे पणजी वारली तेव्हा पाडलेल्या लिंडनचे. युद्धात परके सैनिक अंगणात उतरले, तेव्हा आजीने ते वाजवले आणि कापायला सोडलेली गाय त्यांनी पुन्हा गोठ्यात बांधली, असे आजी सांगे. मला ती भाकडकथा वाटे. काल विल्नियसच्या रस्त्यात रणगाडे येऊन थांबले. एका म्हातारीने गाणे सुरू केले, सगळ्या रस्त्याने ते उचलले. रणगाड्यावरच्या कोवळ्या शिपायाची बोटे लोखंडावर ठेका धरू लागली. ते ध्यानात येताच त्याने हात खिशात घातला. याहून मोठे काही मी पाहिलेले नाही. आजी, मला माफ कर.

४. आई शहरातल्या रुग्णालयात वारली आणि धावपळीत झाड पाडायचे राहिले. युर्गाला तिचा आवाज आठवत नाही. माझ्या बाबतीत तसे होऊ नये. मी परतले नाही, तर दफनाआधी विहिरीजवळचे लिंडन पाडावे, त्याचे कांक्लेस करावे आणि शांततेच्या दिवसांत, लग्नकार्यांत ते भरपूर वाजवावे. बाबा म्हणतात, "ते झाड माझ्या मधमाश्यांचं आहे. तुझं नाही." बाबा, माझे दुसरे काही मागणे नाही.

स्थळ: लिएपकाल्निस
दिनांक: १२ जानेवारी १९९१
सही: स्काइस्ते गुदेलीते

साक्षीदार:
१. साल्वियुस मिकेनास
२. नोर्बेर्तास गुदेलिस, वडील. सही केली आहे. कुऱ्हाड विहिरीत टाकली आहे.