लांबच्या माळाचं लोखंड

३ फेब्रुवारी

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

सवयीने ‘चि. सौ.’ लिहून बसलो आणि कागद फाडला. हा दुसरा. रागावू नकोस, हाताला अजून कळत नाही.

तू माहेरी गेलीस आणि घर खायला उठलंय. फोन करून उपयोग नाही, जन्मभर लेथ चालवून माझे कान गेलेत, तेव्हा पत्रच बरं. चहात साखर घालायला विसरतो, तुझ्या नावाने हाक मारतो, मग आठवतं.

आता मुद्द्याचं. पोलिसांनी आपल्या पोराची पिशवी परत दिली. आत पायमोज्यात गुंडाळलेली एक उल्का आहे, मुठीएवढी, चांगली जड. चिठ्ठी अर्थातच नाही. त्याचं खूळ तुला ठाऊकच आहे. कुठल्या माळावर सापडली त्याची चिठ्ठी घरी येऊन माझ्यासमोर बसूनच लिहायची, आधी लिहिली तर लोखंड रुसतं म्हणे! कितीदा म्हटलं, गाढवा, तिथल्या तिथे लिहीत जा. ऐकेल तर शपथ.

धुक्यात जीप घाटातून इतक्या कोलांट्या खात गेली, की तो जात होता का येत होता, हे कोणालाच सांगता येईना. हा तुकडा सांगेल. घाटाच्या अलीकडे जवळचा माळ, पलीकडे लांबचा. दोन्हीकडे वेगवेगळ्या काळी आकाशातून लोखंड पडलं. वरून दोन्ही सारखीच गंजकी, पण कापून, घासून, आम्ल लावलं की जवळच्यावर रुंद पट्टे उमटतात आणि लांबच्यावर केसासारखे बारीक. बारीक निघाले, तर पोरगा लांबच्या माळावर जाऊन माघारी घराकडे निघाला होता. रुंद निघाले तर काय, ते लिहवत नाही.

कापू का? तुझ्या होकाराशिवाय करवत लावणार नाही.

जेवत जा. म्हाताऱ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझे बाबा

९ फेब्रुवारी

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. साखर वरच्या फळीवर आहे, मोठ्या डब्यात. शोधायचा कंटाळा करून बिनसाखरेचा पीत असणार, मला माहीत आहे.

आधी ‘कापू नका’ असंच लिहिलं होतं. त्याने शेवटचं हातात धरलेलं तेवढंच तर उरलंय. आणि खरं सांगू, भीती वाटते. तो निघाला तेव्हा मी काय बोलले ते तुम्ही ऐकलंत, इतकी ओरडले की तुम्हालासुद्धा ऐकू गेलं. त्या भंगाराशीच संसार कर म्हटलं, परत आला नाहीस तरी चालेल म्हटलं. दुसऱ्या दिवशी राग उतरला. लांबच्या माळापाशी तो उतरतो त्या खानावळीत फोन केला आणि मालकाला सांगितलं, आला की म्हणावं, राग गेलाय, असशील तसा लगेच ये. आता तो मालक म्हणतो, येणारी-जाणारी माणसं इतकी, सांगितलं असेल, नसेलही.

म्हणजे रुंद पट्टे निघाले, तर माझं तेच बोलणं उराशी घेऊन तो गेला. भावाच्या औषधाच्या दुकानात बसते, पण माझं लक्ष लागत नाही, परवा खोकल्याच्या माणसाला पोटदुखीच्या गोळ्या देत होते. वहिनी म्हणते, झालं गेलं विसर. विसरायला ती काय छत्री आहे?

कापा. जे असेल ते लिहा. माझं मन राखायला कपाटातला दुसरा तुकडा पाठवू नका. मलाही पट्टे ओळखता येतात, त्या भंगारातच संसार केलाय मी.

तुमचा लोभ आहे म्हणून हे लिहायचा धीर झाला.

आपली
सूनबाई

२० फेब्रुवारी

चि. मुलीस,
खूप खूप आशीर्वाद.

बारीक! बाई गं, बारीक निघाले!

लोखंड तापू नये म्हणून पाणी सोडत सोडत करवत चालवली. आम्ल लावलं, तर आधी काहीच दिसेना. खिडकीपाशी उजेडात नेऊन धरलं. मग हळूहळू रेघा वर आल्या, एकीला एक लागून, केसासारख्या. असा ओरडलो, की शेजारच्या काकू धावत आल्या, त्यांना वाटलं म्हातारा पडला.

म्हणजे तो खानावळीत पोचला. तुझा निरोप त्याला मिळाला. आठवड्याचं काम टाकून दुसऱ्याच दिवशी माघारी फिरला. असा तो कधी फिरलाय का? माझं ऑपरेशन होतं तेव्हासुद्धा मलाच म्हणाला होता, दोन दिवस थांबा. आणि धुक्यात तर तो कधीच गाडी हाकत नसे, बाजूला लावून थर्मासमधला चहा पीत बसायचा. त्या दिवशी तेवढाही दम धरवला नाही त्याला, इतकी तुझी ओढ! आता मनाला लावून घेऊ नकोस. तो तुझ्याकडेच येत होता.

काप सोबत पाठवतोय, तेल पुसू नकोस, गंजेल. खूप दिवसांनी आज पोटभर जेवलो.

तुझ्यावर जीव आहे, तूही तो राखावास.

तुझे बाबा

२६ फेब्रुवारी

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

काप मिळाला. भिंगाखाली पाहिला. लांबच्याच माळाचा आहे, शंका नाही.

तुमचं पत्र वाचलं आणि ढसाढसा रडले. वाटलं, सुटले. भावाला वाचून दाखवलं, वहिनीला दाखवलं. सगळ्यांना बरं वाटलं. रात्री मला झोपही लागली. सकाळी पुन्हा वाचायला घेतलं आणि त्या धुक्याच्या ओळीपाशी थांबले.

बाबा, तुम्ही आनंदाने लिहिलंत, तुम्हाला बोल नाही. पण तो आठवडाभर तिथेच राहणार होता. रुसून राहिला असता. मला शिव्या घालत लोखंड शोधत बसला असता आणि मग ऊन पडल्यावर, वाटेत दोनदा चहा पिऊन, सावकाश घरी आला असता. मी त्याला लगेच ये म्हटलं. लग्न झाल्यापासून त्याने माझं म्हणून काही ऐकलं, ते एवढंच.

मी शनिवारी येते आहे. माझी चूक नाही असं सगळेच म्हणतील, तुम्ही म्हणू नका. त्याला मीच बोलावलं होतं.

लोभ असावा, असं तुम्हाला कुठल्या तोंडाने लिहू? तरी असावा.

तुमची
सून